आटे

पेटी आली तेव्हा भाता एका बिजागरीवर लोंबत होता.
प्रमिलाताई गजभिये इंदोऱ्याहून ई-रिक्षानं आल्या,
पेटी मांडीवर, वरून ओला टॉवेल.
"मंडळातल्या पोट्ट्यानं स्क्रू कसला जी," म्हणाल्या,
"लयच कसला."

नवतपा सुरू होता.
शटरला हात लावला की चटका,
कूलरचं गवत दर तासाला तहानलेलं,
आणि लाकूड या दिवसांत अंग चोरून बसतं,
पावसाळ्यात पकडलेली गोष्टही सोडून देतं.

पालथी घातली. मोजले.
चौदा स्क्रू, त्यातले नऊ नुसतेच फिरणारे,
बोटानं फिरवा, नखानं फिरवा,
ना वर येत, ना खाली जात.

दौलत मास्तर सांगायचे,
"स्क्रू थांबला का आपुनबी थांबा लागते.
त्याच्यापुढचा पाव फेरा स्क्रूचा नसते पोरी,
आपल्या रागाचा असते."

चिमटा, टोकदार सुई, आणि जुन्या टूथब्रशचे केस.
भोकांतून निघालं ते कागदावर मांडत गेले:
काडीपेटीची काडी, गुलासकट.
विडीचं पान, घट्ट वळलेलं.
हिरव्या सुताची गुंडी, एखाद्या मागावरून उचललेली.
सावजीच्या हॉटेलातल्या दातकोरण्या, तीन,
एकीला अजून तर्रीचा रंग.
एका भोकात एम-सील.
ज्यानं भरलं त्याला मी अर्धा तास
माझ्या आईला ऐकवणार नाही अशा शब्दांत आठवलं.

सातव्यात पुन्हा काडी,
फेव्हिकॉलात बुडवून ठोकलेली, वरून सपाट कापलेली,
आणि भोकाच्या कडेला
लाल पेन्सिलीचं टिंब.

टिंब माझं.

शिकत असताना ठेवायची मी,
कोणतं भोक माझं, ते मास्तरांना दाखवायला.
म्हणजे ही पेटी पूर्वी आली होती या टेबलावर.
मला आठवत नाही. तिला आठवत असेल तर
तिनं तसं दाखवलं नाही.
मास्तरांनी ते टिंब पाहिलं असणारच.
बोलले नसतील. एकदा अख्ख्या दुकानाच्या चहाचे पैसे
मला द्यायला लावले होते, कारण न सांगता.
तो दिवस बहुतेक हाच.

काडी उपटली. भोक मोठं केलं, स्वच्छ, गोल.
जुन्या चौकटीच्या सागातून खुंट्या कापल्या,
रेषा आडव्या ठेवून.
उभ्या रेषेत शिरलेला स्क्रू तंतूंच्या मधून निसटतो,
आडव्यात त्याला एकेक तंतू ओलांडावा लागतो.
सरस डब्यात शिजत ठेवला.
शेजारच्या रेवडीवाल्यानं नाक धरून पाहिलं,
मी पाहिलं नाही असं दाखवलं.
नऊ खुंट्या, नऊ थेंब, ओल्या फडक्यानं पुसून घेतलं,
आणि रात्रभर हात लावला नाही.

सकाळी फोन. "झालं का जी?"
"वाळतंय."
"बुधवारी कारेक्रम हाय."
"माहीत आहे ताई. वाळतंय."

दुपारी बारीक ड्रिल, हातानं.
स्क्रूला साबण लावला, नऊ खुंट्यांत फिरवले,
करकरत गेले, नव्या चपलेसारखे.
मग राहिलेले पाच, जुन्याच भोकांतले.
त्यांना आधी उलटं फिरवायचं,
अगदी हलकं, कान खाली नेऊन,
टक् होईपर्यंत.
म्हणजे जुना आटा सापडला. आता सरळ.
स्क्रू थांबले. मीही थांबले.
मनगटाला आणखी पाव फेरा हवाच होता.

लाल पेन्सिल शोधली. ड्रॉवरमध्ये नव्हती.
निळ्या बॉलपेननं सातव्याशेजारी
दुसरं टिंब ठेवलं, पहिलं पुसलं नाही.

भाता मारला. हवा राहिली.
काळी चार मात्र अजून
सर्दी झाल्यासारखी बोलते.
ते वेगळं बिल.